बाजूबाजूच्या दोन खुर्च्या

इस्त्रीवाल्याच्या पोरीला सगळी गल्ली संशोधनबाई म्हणायची. तोंडावरच म्हणायची, आणि तिला त्याचा राग नव्हता. उलट तशी हाक ऐकली की मान ताठ व्हायची तिची. मनाचं शास्त्र शिकत होती. माणूस का रडतो, का भांडतो, त्याला झोप का लागत नाही, हे ओळखून गोळी न देता नुसतं बोलून बरं करणारी डॉक्टरीण व्हायचं होतं तिला. बापाला हे पटायला फार दिवस लागले. तो म्हणायचा, नुसत्या बोलण्यानं माणूस बरा होत असता, तर माझी बहीण इथं राहायला आल्यापासून आम्ही सगळे ठणठणीत नसतो का.

पोर हुशार, पण एक खोड होती. हे शास्त्र म्हणे रोज बदलतं. काल जे खरं होतं ते आज कुणीतरी खोडून काढतं, म्हणून रोजचं रोज वाचत राहावं लागतं. तिच्या फोनवर सारखं कुठलं ना कुठलं नवं संशोधन येऊन पडायचं, टिंग करून. टिंग झालं की ही हातातलं टाकून धावली. जिन्यात वाचायची, जेवताना वाचायची, दुकानात बापाला मदतीला उभी राहिली तरी एका हातात इस्त्री आणि दुसऱ्या हातात फोन. एकदा तर माणसाचं लक्ष का उडतं यावरचं संशोधन वाचता वाचता तिनं एका साहेबाच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा अख्खा शिक्का उठवला. तो साहेब तेव्हापासून कचेरीत अंगातला कोट काढत नाही म्हणतात.

आणि वाचायची तरी किती? तर सगळ्यात वरचं. प्रत्येक संशोधनाच्या डोक्यावर चार ओळींचा सारांश असतो, तेवढा वाचला की हिला वाटायचं आपल्याला कळलं. खालची पानं, ते आकडे, ते तक्ते, सवडीनं बघू म्हणायची. सवड कुठली मिळायला, तोवर पुढचं टिंग.

मग त्या चार ओळींचा प्रयोग घरावर. एकदा म्हणाली, रागावताना समोरच्याचं नाव घ्यायचं नाही. आई गिऱ्हाइकांच्या शर्टांना बटणं लावता लावता म्हणाली, मग तुम्हा तिघांपैकी मी कुणावर रागावलेय हे तुम्हाला कळायचं कसं? एकदा म्हणाली, सकाळी आरशात स्वतःकडे बघून हसावं. बापानं दाढी करताना हसून पाहिलं आणि हनुवटी कापून घेतली. पुढे काही दिवसांनी टिंग झालं की ते आधीचं चुकीचं होतं. बाप हनुवटी चोळत म्हणाला, जरा आधी कळवायला काय झालं होतं त्यांना.

आता आत्या. बापाची थोरली बहीण. सिनेमाच्या थिएटरात दाराशी बॅटरी घेऊन उभी असायची, अंधारात लोकांना खुर्च्या दाखवायला. इतकी वर्षं नोकरी केली, पण एकाही सिनेमाचा शेवट तिनं बघितलेला नव्हता. सुरुवातीला तिकिटं फाडायची, शेवटाला बाहेरची दारं उघडायची. मधला सिनेमा मात्र तोंडपाठ. म्हणजे बघा, भाचीला सगळ्याची फक्त सुरुवात ठाऊक, आत्याला फक्त मधलं, आणि शेवटाच्या नावानं दोघींची बोंब.

आणि भांडण म्हणाल तर खिडकीवरून. खाली दुकान, वर दोन खोल्या, आणि पुढच्या खोलीला एकच खिडकी. बाप दिवसभर तापलेल्या इस्त्रीपाशी उभा राहून घामाघूम वर यायचा, त्याला खिडकी उघडी पाहिजे. आत्या त्या थिएटराच्या गार हवेत कुडकुडून यायची, तिला बंद पाहिजे. रोज संध्याकाळी एक उघडायचा, दुसरी लावायची. खिडकीच्या बिजागऱ्या झिजल्या, पण ही दोघं झिजली नाहीत.

त्या वर्षी पोर शिकायला जायची त्या दवाखान्यात एक शिकाऊ जागा निघाली. एकच. तिथल्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्य डॉक्टरीण, त्यांच्या हाताखाली, खऱ्या माणसांची खरी दुःखं ऐकायला त्यांच्या खोलीत बसायचं. ती मिळाली तर पुढची वाट मोकळी. नाही मिळाली तर घरात ठरलेलंच होतं, वर्षं फुकट घालवायची नाहीत, आत्यानं थिएटरच्या तिकीटखिडकीवर तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. आत्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण पोरीला स्वप्नात ती तिकीटखिडकी दिसायची आणि तिला दरदरून घाम फुटायचा.

मोठ्या बाईंची एक रीत होती. दर शुक्रवारी सगळ्या शिकणाऱ्यांना गोल बसवायच्या. एकानं नवं संशोधन आणायचं आणि बाकीच्यांनी ते सोलायचं. हाच शब्द होता त्यांचा, सोलायचं. संत्र्यासारखं साल काढून बघायचं, आत गर आहे का नुसताच चोथा. ज्याचा शुक्रवार चांगला जाईल, त्याला जागा.

पोरीचा शुक्रवार जवळ आला आणि तिच्या हाती एक झकास संशोधन लागलं. वरच्या चार ओळींत लिहिलं होतं, भांडणारी माणसं समोरासमोर न बसता बाजूबाजूला, एकाच दिशेला तोंड करून बसली तर भांडण लवकर विझतं. पोरीनं त्याच संध्याकाळी खोलीतल्या दोन खुर्च्या उचलून भिंतीकडे तोंड करून मांडल्या. खिडकीचा विषय निघाला रे निघाला की दोघांनी तिथं जाऊन बसायचं. बाप आणि आत्या बसले. समोर भिंत, भिंतीवर पाल. जणू बसची वाट बघताहेत. थोडं बोलले, आणि काय आश्चर्य, गप्प झाले. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. आई तर सुई तशीच हातात धरून बघत राहायची.

पोरीचे पाय जमिनीवर राहिनात. दवाखान्याच्या व्हरांड्यात मोठ्या बाई दिसल्या तेव्हा तिनं सांगूनही टाकलं, मी घरी करून पाहिलंय, शंभर टक्के खरं आहे. बाई म्हणाल्या, छान, मग शुक्रवारी तेच आण, आम्ही वाट बघतो. दुसरे विद्यार्थी एकमेकांकडे बघायला लागले. त्यांच्या घरी भांडणंच होत नव्हती बिचाऱ्यांच्या, प्रयोग कुणावर करणार.

शुक्रवारच्या आदल्या दुपारी पोर निघाली, कोपऱ्यापर्यंत गेली, आणि छापलेले कागद घरीच राहिले म्हणून परत फिरली. दुकान जेवणासाठी बंद. अर्धा जिना चढली तर वरून आत्याचा आवाज आला. भांडणाचा नव्हता. थिएटरात लोकांना वाट दाखवतानाचा दबका आवाज असतो ना, तसा.

आत्या बापाला सांगत होती, "काल तू फार लवकर गप्प झालास. माणूस काय नळ आहे, पिरगाळला की बंद व्हायला? आधी दोन वाक्यं बोल, मग सुस्कारा सोड, आणि मग गप्प हो."

"सुस्कारा तुझ्याकडे बघून सोडू, का भिंतीकडे?"

"भिंतीकडे. आपण बाजूबाजूला बसलोय ना."

बापानं एक मोठ्ठा सुस्कारा सोडून पाहिला. मग म्हणाला, "पण ताई, ठरवून भांडायचं म्हटलं की मला राग येतच नाही. ऐन वेळी आणू कुठून?"

"ते माझ्यावर सोड. राग मी आणून देते."

आईनं विचारलं, मी काय करायचं. आत्या म्हणाली, तू चकित हो. आई म्हणाली, कालही मी तेच केलं, आता माझ्या भुवया दुखायला लागल्या. त्यावर आत्यानं सगळ्यांना समजावलं, की पोरीची जागा या दोन खुर्च्यांवर अडलीये, तिचं शास्त्र निदान आपल्या घरात तरी आपटता कामा नये, शुक्रवार होईपर्यंत कळ काढा. मग ती तालीम घ्यायला लागली. बाप म्हणाला, तालमीपुरती तरी खिडकी उघडू का, जीव गुदमरतोय. आत्या म्हणाली, हात लावून बघ. आणि मग जे खरंखुरं भांडण पेटलं, बापरे, त्यात मागच्या सगळ्या दिवसांची उधारी वसूल झाली. भांडले ते त्याच दोन खुर्च्यांवर, बाजूबाजूला बसून, भिंतीकडे तोंड करून.

पोर जिन्यातच बसली. आधी तिला रडू आलं. मग तो सुस्कारा आठवला आणि हसू फुटलं. हसू वर ऐकू जाऊ नये म्हणून ओढणी तोंडात कोंबली. वर गेलीच नाही. तशीच उठली, बसथांब्यावर जाऊन बसली, फोनवर तेच संशोधन उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा खालची पानं वाचली. अगदी बुडाशी, बारीक अक्षरांत, लिहिलेलं होतं. ज्या घरांत हे करून पाहिलं, त्या घरच्या माणसांना आधीच सांगितलं होतं की असं असं बसल्यावर भांडण थांबतं का ते बघायचंय.

म्हणजे तिथंही घरोघरी एकेक आत्या बसलेली होती.

आता पंचाईत अशी, की हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. गप्प बसली असती तर जागा जवळजवळ पदरात होती. बोलली तर शंभर टक्क्यांची शोभा. आणि मग तिकीटखिडकी होतीच. दोन बस आल्या, दोन गेल्या, ही बसूनच.

शुक्रवारी सगळे गोल बसले. पोरीनं संशोधन सांगितलं, वरच्या चार ओळी नीट समजावल्या. मग म्हणाली, आता मीच सोलते. आणि तळाच्या ओळी वाचून दाखवल्या. एक चष्मेवाला मुलगा टपूनच होता. त्यानं लगेच विचारलं, मग तुझ्या घरचे शंभर टक्के कुठे गेले. पोर उठली, दोन खुर्च्या ओढल्या, बाजूबाजूला मांडल्या, आणि अख्खी तालीम करून दाखवली. आत्या झाली, बाप झाली, भुवया उंचावलेली आई झाली. सुस्कारा तर असा सोडला की कागद उडाले. चष्मेवालाही हसला, मोठ्या बाईंनी डोळे पुसले.

हसून झाल्यावर बाईंनी विचारलं, "हे तू सांगितलं नसतंस तर मला कळलं असतं का?"

"नसतं कळलं."

"मग का सांगितलंस?"

पोर म्हणाली, "उद्या माझ्यासमोर कुणीतरी येऊन बसेल, आणि मला बरं वाटावं म्हणून आपण बरे झालो असं सांगेल. मला ते ओळखता यायला पाहिजे, बाई. मला तर घरच्यांचंच ओळखता आलं नाही."

 बाई उडालेले कागद गोळा करता करता एवढंच म्हणाल्या, "सोमवारी माझ्या खोलीत ये. खालची पानं वाचून ये."

संध्याकाळी पोर घरी आली तर नाटकमंडळी तयारच होती. खुर्च्या मांडलेल्या, बाप घसा खाकरतोय, आई भुवया चोळतेय. जागेचं काय झालं, हे विचारायचा कुणाला धीर होईना. पोरही वस्ताद. चेहरा गंभीर केला आणि म्हणाली, आज अगदी ताजं संशोधन आलंय. ज्या घरात जेवणानंतर बाप भांडी घासतो आणि आत्या खिडकी अर्धी उघडी ठेवू देते, त्या घरातल्या मुलीला हमखास जागा मिळते.

बाप तडक उठला आणि मोरीत जाऊन बसला. आत्यानं खिडकी अर्धी उघडली, शाल घट्ट गुंडाळली आणि दात वाजवत खुर्चीवर बसली. आई चकित झाली, या खेपेला खरोखरची. तिला कुणी सांगावंही लागलं नाही.

पण आत्या ती आत्याच. थोडा वेळ कुडकुडली, मग डोळे बारीक करून म्हणाली, "किती माणसांवर केलंय गं हे संशोधन?"

"दोन."

"दोघांवर कुणी संशोधन करतं का?"

"दोनच मिळाली. त्यातला एकजण सुस्कारा जरा जास्तच मोठा सोडतो."

मोरीतला भांड्यांचा आवाज थांबला. आईची सुई बटणात अडकली. आत्यानं पोरीकडे बघितलं, भिंतीवरच्या पालीकडे बघितलं, आणि सुस्कारा सोडला. हा काही तालमीतला नव्हता.

"जागेचं काय?" आत्यानं विचारलं.

"सोमवारपासून."

आत्या म्हणाली, मग तिकीटखिडकीवर मी दुसरं कुणीतरी बघते. आणि त्याच दमात म्हणाली की आता ही खिडकी लावा, संशोधन संपलं. बाप मोरीतून ओरडला, उघडीच राहू दे, मी भांडी घासलीत. झालं, लागली दोघांची जुंपायला.

तेवढ्यात फोन टिंग झाला. पोरीनं तो उचलला आणि बोटानं पानं सरकवत सरकवत आधी थेट तळाशी गेली. आत्या भांडता भांडता थांबली, मान लांब करून फोनमध्ये डोकावली, आणि म्हणाली, "शेवटी काय होतं गं? मलाही सांग."