सहा ओळींना दिलेलं पाणी

बाळांनो, बागेचे फोटो तुम्ही मागितले होते. फोटो पाठवत नाही. काय झालं ते क्रमाने लिहिते.

म्हसवडजवळची आपली डाळिंबाची बाग आठ ओळींची. दर उन्हाळ्यात तिचं पाणी मुद्दाम तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. पाणी मिळेनासं झालं की झाड आधी पानांवरची बारीक छिद्रं मिटून घेतं, मग पानंच पिवळी करून टाकून देतं आणि साठवलेलं अन्न खोडात, मुळांत धरून बसतं. पुढे पाऊस झाला की त्या साठ्यावर एकदम फुलतं. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. तुमची आई शाळेत असताना तिला आकृती काढून समजावलंही होतं.

यंदा आजोबांनी एप्रिलमध्ये पाणी तोडलं आणि खुब्याच्या ऑपरेशनसाठी ते सांगलीला तुमच्या मावशीकडे गेले. जाताना म्हणाले, "विहीर भरल्याशिवाय पाणी सोडू नकोस."

जून कोरडा गेला. निम्मा जुलैही गेला. विहिरीच्या तळाचा दगड उघडा पडला. बागेत नुसत्या काटक्या उभ्या होत्या. रोज सकाळी ओळींतून फिरायची आणि प्रत्येक झाड मेलेलं वाटायचं. शेवटी मी टँकर मागवला.

माझी धाकटी जाऊ बांधावर येऊन उभी राहिली.

"आवं आक्का, झोपल्यालं लेकरू कशाला उठवताय? घरात दूध हाय का?"

"मरायला टेकलीत गं ती."

"मरत्यात कशाची! दम धरून बसल्यात. तुमालाच दम निघंना. लय शिकल्यावर असंच व्हतंय."

मला राग आला. "तू तुझं बघ," म्हटलं आणि पाइप धरून एकेका आळ्यात पाणी सोडत गेले. सहा ओळी झाल्या आणि टँकर संपला.

दहाव्या दिवशी त्या सहा ओळींवर तांबूस पालवी आली, कळ्याही दिसू लागल्या. मी जाऊला हाक मारून मुद्दाम दाखवलं. तिने एक फांदी हातात घेऊन पाहिली. "आता पाजा रोज," एवढंच म्हणाली.

दुसरा टँकर मिळाला नाही. गावांना प्यायचं पाणी आधी, आणि ते बरोबरच होतं. आठवडाभर गरम वारं सुटलं. पालवी कडेने करपली, कळ्या गळून आळ्यात पडल्या. झाडांनी होतं नव्हतं ते त्या पालवीवर खर्चून टाकलं होतं, आता पुन्हा मिटून बसायला त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं. मी आंघोळीचं पाणी, भांड्यांचं पाणी बादलीने नेऊन ओतलं. कंबर सरळ करेपर्यंत माती कोरडी दिसायची. शेवटी सहाव्या ओळीत बादली टाकून खाली बसले आणि मोठ्याने रडले.

पुढच्या आठवड्यात जाऊने विळ्याच्या टोकाने साल खरवडून पाहिली. सहा ओळींत साल आतून तपकिरी, खडखडीत. शेवटच्या दोन ओळींत, जिथे माझं पाणी पोचलंच नव्हतं, काटक्यांच्या सालीखाली ओलसर हिरवं होतं. जाऊने विळा पदराला पुसला आणि ती घराकडे चालू लागली. बोलली असती तर बरं झालं असतं.

काल टँकरवाल्याचा फोन आला. एक खेप मोकळी आहे, आणू का? त्या दोन ओळी माझ्या समोरच होत्या. "नको," म्हणायला मला किती वेळ लागला! आभाळ अजून कोरडंच आहे. ही झाडं आणखी किती दिवस तग धरतील, हे जाऊला विचारलं, तर तीही आभाळाकडे बघू लागली.

आजोबांना यातलं काहीच माहीत नाही. बाग लावताना एकेक खड्डा त्यांनी स्वतः खणला होता. गुरुवारी सांगलीला जाऊन, त्यांच्यासमोर बसून मीच सांगणार आहे. तोवर फोनवर त्यांनी बागेचं काढलं तर खोटं बोलू नका. फक्त विषय बदला.