शंख वाजला नाही, म्हणून

चमत्कार सांगणाऱ्यांपासून मी आयुष्यभर चार हात लांब राहिलो. देव भेटल्याचं लोकांना नेहमी पाहुणे बसलेले असतानाच कसं आठवतं, असं एक निरीक्षणही माझ्यापाशी होतं. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो. घडलं तसं सांगतो. अर्थ ज्याचा त्याने लावावा.

केडगावच्या पलीकडे आमचं गाव आणि गावात आमचं गुऱ्हाळ. चुलवाणाच्या धुरातच माझं वय गेलं. पन्नाशी उलटल्यावर गोठ्यापर्यंत जातानाही दम लागू लागला. घरच्यांनी त्याला दमा म्हटलं, मीही म्हटलं. गुऱ्हाळवाल्याला दमा म्हणजे कोळ्याच्या अंगाला मासळीचा वास. त्यात विचारण्यासारखं काय? कधी छातीवर गुळाची ढेप ठेवल्यासारखं वाटे. तेही मी दम्याच्याच नावावर ढकलत होतो.

चैत्रात आमच्या भैरवनाथाची यात्रा असते. आमच्या घरचा शंख एका श्वासात वाजल्याशिवाय पालखी देवळातून उचलायची नाही, अशी रीत. वडिलांनंतर हा मान माझ्याकडे आला. श्रद्धा बेताचीच होती, पण गावात श्रद्धा सोडणं सोपं, मान सोडणं अवघड.

नव्वदच्या दशकाच्या अखेरची ती यात्रा. साखर कारखान्याचे एक संचालक पालखीला खांदा द्यायला आले होते. फोटोग्राफर जागेवर आहे ना, हे ते पुनःपुन्हा पाहत होते आणि लाउडस्पीकरवर त्यांचं नाव नाथाच्या आधी येत होतं. शिरूरहून आणलेला बँड दारासमोर उन्हात उभा होता. मी शंख ओठांना लावून फुंकलं. नुसती फुसफुस झाली.

"आप्पा, भाता फाटला काय?" कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

पुन्हा फुंकलं. या वेळी फुसफुसही नाही. अंगाला दरदरून घाम सुटला, डावा हात जड झाला आणि मी पायरीवर बसलो.

बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ रांग सोडून माझ्यापाशी आले. बाकीचे त्यांना चाचा म्हणत होते. "दवाखान्यात चला," ते म्हणाले.

"दमा आहे. बसलो की जाईल."

"माझा भाऊ बी हेच बोलायचा. ट्रंपेट वाजवायचा त्यो. दमा हाय, दमा हाय म्हणला, आन् बसला त्यो बसलाच. उठा."

गुरव मध्ये पडला. "अवो चाचा, शंख वाजल्याबिगर पालखी न्हाई हलत. आप्पाच गेलं तर कसं व्हायचं?"

"मंग ऱ्हाऊ द्या की उभी. देव कुठं उन्हात हाय? उन्हात तर आमी हाय."

बँडच्याच टेम्पोत, मोठ्या ढोलाला टेकून, मला दौंडला नेलं. बायको पदराने वारा घालत होती आणि चाचा ड्रायव्हरला शिव्या. दवाखान्यात कार्डिओग्राम काढला. तरुण डॉक्टर त्या कागदाकडे पाहून म्हणाले, "आप्पा, हा हार्ट अटॅक आहे."

मला ते खरंच वाटेना. "अहो, माझं दुखणं फुप्फुसाचं आहे," मी त्यांनाच समजावू लागलो. माणूस किती मूर्ख असू शकतो! पुढे पुण्यात नळीत फुंकायला लावून श्वास मोजला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, की फुप्फुसं अशी कमजोर झाली की हृदयविकाराचा धोकाही वाढतो; आणि सगळं दम्यावर ढकलत राहिलं की हृदयाकडे कुणी बघतच नाही. फुप्फुस आणि हृदय हे दोघं शेजारी भिंतीला भिंत लावून राहतात, एकाकडची आग दुसऱ्याकडे जाणारच. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचणाऱ्या मला माझ्याच छातीतलं हे कधी सुचलं नव्हतं.

बरा झाल्यावर शिरूरला गेलो. अनुभवकथांमध्ये असा उपकारकर्ता नंतर कुणालाच सापडत नाही. चाचा मात्र पहिल्याच गल्लीत सापडले, भाजीवाल्याशी भांडताना. मी हात जोडले, तर म्हणाले, "मी काय केलं? शंख वाजला असता तर मी बी गाणं वाजवत म्होरं गेलो असतो. तुमच्याकडं बघाया कुणाला टाइम व्हता? आन् पालखी निघाल्यावर त्या गर्दीतनं टेम्पो तरी निघाला असता का? ज्यानं वाजू दिला न्हाई त्यालाच हात जोडा."

अटॅकने बसला नव्हता एवढा धक्का मला त्या भाजीच्या गाड्यापाशी बसला. शंख वाजला असता, तर मान राखून मी घरी गेलो असतो आणि दमा आहे म्हणत दार लोटून पडलो असतो. जिला मी फजिती समजत होतो, त्याच फटीतून माझा जीव बाहेर आला होता. यावर माझ्याकडे युक्तिवाद होते. ते गाड्यापाशीच सोडून मी परतीची एसटी धरली.

परतल्यावर गुरवाला विचारलं, "त्या दिवशी पालखीचं काय झालं?"

"निघाली की. संचालक कटाळून गेलं, मंग आमीच उचलली, शंखाबिगर. नाथाला काय फरक पडतोय?"

म्हणजे पालखी माझ्या श्वासावर अडली होती ती फक्त मला वाचवण्यापुरती.

पुढच्या चैत्रात मी शंख नाथाच्या पायांशी ठेवला आणि म्हणालो, "उचला." गर्दी क्षणभर थबकली, मग पालखी उठली. मी पायरीवरच बसून होतो. उरलेल्या श्वासात जेवढं मावलं तेवढं त्याचं नाव घेतलं. तेवढं पुरलं.