ऐकण्याचा पगार

साऱ्या गावच्या सुनांची गाऱ्हाणी ऐकणारी बाई माझ्या वाट्याला सासू म्हणून आली, आणि माझं मात्र तिनं कधी ऐकून घेतलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं माझ्या तोंडून काही कडू निघालं तर ते कुठून आलं हे कळेल.

कृष्णाबाई त्यांचं नाव. आम्ही जातीचे कासार. मुरुडच्या अलीकडे, समुद्राला लागून आमचं गाव. एका अंगाला कोळीवाडा, दुसऱ्या अंगाला नारळाच्या वाड्या, मधे मोहल्ला. सासूबाई टोपलीत बांगड्यांच्या माळा घेऊन तिन्हीकडं फिरायच्या. बांगड्या भरणं हे वेळखाऊ काम. आधी हाताला साबणाचं पाणी लावायचं, मग अंगठा आत दुमडून पंजा दाबत दाबत मऊ करायचा आणि एकेक बांगडी हाडावरून अलगद चढवायची. तेवढा वेळ बाईला उठता येत नाही, चुलीकडं पळता येत नाही. हात दुसरीच्या हातात असतो आणि तोंड आपोआप सुटतं. कुणाचा नवरा हातभट्टीच्या नादी लागलेला, कुणाला सासरचा जाच, कुणाला कारण नसताना छातीत धडधड होते आणि रडू येतं. सासूबाई मधूनमधून 'व्हय' म्हणायच्या, नाहीतर 'मग?' म्हणायच्या. एका घरची गोष्ट त्यांच्या तोंडून दुसऱ्या घरात कधी गेली नाही, हे मला मान्य केलंच पाहिजे. 'मावशीच्या हातात हात दिला की बरं वाटतं,' असं बायका म्हणायच्या, आणि तेवढ्यावर सासूबाई दिवसभर खुशीत असायच्या.

घरी आल्या की ओटीवर आडव्या. मी पेज वाढता वाढता माझं काही सांगायला गेले तर म्हणायच्या, "कोकिळे, आता ऱ्हाऊ दे. कान दुखतात माझे."

एकोणसाठ साली तालुक्याच्या विकास ब्लॉकातून गावाला ग्रामसेविका आली. कमळबाई. नाशिककडची, चष्मा लावणारी, सुती पातळ नेसणारी, वयानं माझ्याएवढीच. बिनधुराची चूल कशी घालायची ते ती सांगायची, पोरांना पावडरचं दूध वाटायची. पहिले दोन-तीन महिने बायकांनी तिची यथेच्छ टिंगल केली. सासूबाई त्या टिंगलीत सगळ्यांच्या पुढं. पण त्या बाईला एक सवय होती. चुलीचं बोलून झालं तरी ती उठायची नाही. बसून राहायची. आणि बसून राहणाऱ्या माणसाशी आपल्याकडं कोण बोलत नाही?

एकदा आमच्या ओटीवर ती म्हणाली, "मावशी, जसा अंगाला ताप येतो, तसं मनालाही दुखणं येतं. ते अंगात आलेलं नसतं, करणी नसते, खरंच दुखणं असतं. आम्हाला शिकवताना सांगितलंय, घाई करायची नाही, आधी ऐकून घ्यायचं."

"ऐकायचं शिकवतात?" सासूबाईंनी विचारलं. "आणि त्याचा पगार मिळतो?"

"हो, कामच आहे ते आमचं," कमळबाई साधेपणानं म्हणाली.

ती गेल्यावर सासूबाईंनी टोपली अशी आदळली की आतल्या माळा खळखळल्या. "पगार घेऊन ऐकतात! उद्या पगार घेऊन रडतील! आम्ही जन्मभर ऐकलं ते काय उगाच?" त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मला मनातून गंमत वाटली. दुसऱ्याचा हेवा करण्यात माझा दिवस जायचा. आता घरात मला सोबत मिळाली होती.

मग काय त्यांची तऱ्हा! कोळीवाड्यात जायची सरळ वाट सोडून त्या कमळबाईच्या खोलीवरून जायला लागल्या, दारात कोण बसलंय ते बघायला. सखुबाई तिथं डोळे पुसताना दिसली, तर परत येऊन मला म्हणाल्या, "बघ, त्या सखीचं सगळं आयुष्य मी ऐकलंय. आता तिला चष्मेवाली पाहिजे." बांगड्यांची गरज नसलेल्या घरीही त्या जायला लागल्या. बायका म्हणायच्या, "मावशी, अजून हातभर हायत." आणि एक युक्ती तर मी डोळ्यांनी पाहिली. मापाला एक नंबर लहान बांगडी काढायची, म्हणजे चढायला वेळ लागेल आणि बाई जास्त बोलेल. बायकांचे हात सोलून निघाले. बोलणं काही वाढलं नाही.

त्याच साली कोळीवाड्यातली राही मुकी झाली.

मुकी म्हणजे, तिनं बोलणं सोडलं. मोरू कोळ्याची ती बायको, विशी-एकविशीची. पहिला मुलगा झाला आणि चैत्रात तापानं गेला. तेव्हापासून ती भिंतीकडं तोंड करून बसायची. खायची नाही, कुणी हाक मारली तर वळायची नाही, अधूनमधून उजवा हात भिंतीवर आपटत राहायची. तिच्या सासूनं, मनुबाईनं, अंगारे लावून पाहिले. मनुबाई दुष्ट नव्हती, पण थकली होती. तिनं चारचौघींत सांगून टाकलं, "नारळी पुनवेला मचवे दर्यात जातील. तवर पोर बोलली तर बरं, न्हाय तर तिला रेवसला म्हायेरी पोचवायची. मोरूला दुसरी बघंन." माहेरी राहीला एक आंधळा बाप होता. तिथून तिला कोण आणि कुठं नेणार, हे कुणी उघड बोललं नाही, पण ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळाचं नाव सगळ्यांच्या मनात होतं.

सासूबाईंनी मनाशी घेतलं, राही बोलेल तर माझ्याशी. त्या जाऊन बसल्या, तिचा हात हातात घेतला, साबणाचं पाणी लावून पंजा दाबला, 'मग?' म्हणाल्या. राहीचा हात निर्जीव. तासभर दाबूनही तिनं मान वळवली नाही. असा अपमान त्यांचा उभ्या जन्मात झाला नव्हता.

कमळबाईही जायची. ती राहीला काहीच विचारायची नाही. शेजारी सूप घेऊन बसायची आणि मनुबाईचा जवळा, ती बारीक सुकी कोळंबी, निवडायची. सुकलेला जवळा निवडायची सवय नसल्यामुळं तो ती असा निवडायची की कोळणी हसून लोटपोट व्हायच्या. एक दिवस राहीनं सूप आपल्याकडं ओढलं आणि कमळबाईनं टाकलेले चांगले जवळे परत उचलले. आठवड्याभरानं तिनं कमळबाईच्या हातून पेज घेतली. ही बातमी गावभर झाली.

"माझ्या हातात मेल्यासारखा हात आणि तिच्या हातची पेज!" सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तेव्हा त्यांची दया आली असती, पण राहीसाठी त्यांनी गाळलेलं ते पाणी मला दिसलं आणि माझाच जीव जळला. माझ्यासाठी त्या कधी रडल्या होत्या?

श्रावण लागला. नारळी पौर्णिमा जवळ आल्यावर कोळणींना नव्या बांगड्या लागतात, म्हणून आम्ही दोघी टोपल्या घेऊन कोळीवाड्यात गेलो. इथं कोळ्यांची एक रीत सांगायला हवी. मी रोह्याकडची, मला ती तेव्हा ठाऊक नव्हती. कोळ्यांच्या मुलीच्या उजव्या हातातल्या काचेच्या बांगड्या लग्नात उतरवतात आणि दर्याला वाहतात. आपला एक हात दर्याला दिला, आता दर्यानं आपल्या धन्याला सांभाळायचं, असा तो करार. त्यानंतर कोळीण उजव्या हातात काच घालत नाही. घातली तर दर्याला दिलेलं परत घेतलं असं होतं. त्या हातात चांदीचे गोठ असतात, त्यामुळं परक्या माणसाच्या हे ध्यानातही येत नाही. राही हात आपटायची म्हणून मनुबाईनं तिचे गोठ काढून ठेवले होते. आणि तिच्या लग्नात तिच्या उजव्या हातातल्या बांगड्या उतरवल्या होत्या त्या माझ्या सासूबाईंनीच.

मनुबाई बाजारी गेली होती. पडवीत राही आणि कमळबाई. कमळबाई आनंदात होती. सकाळीच राहीनं स्वतःच्या हातानं वेणी घातली होती.

"बरं झालं आलात, मावशी," ती म्हणाली. "राहीला छान हिरव्या बांगड्या भरा. दोन्ही हातांत भरा. तो हात बिचारा अगदी उघडा दिसतो."

सासूबाई तिच्याकडं बघत राहिल्या. मी समोरच बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आल्यासारखं झालं आणि गेलं. मला वाटलं, गिऱ्हाईक मिळालं म्हणून खूश झाल्या.

"बाई सांगतात तर भरू," त्या म्हणाल्या.

डावा हात भरून झाला. मग त्यांनी राहीचा उजवा हात घेतला, पाणी लावलं, अंगठा दुमडला. राही आतापर्यंत कुठंतरी दुसरीकडं बघत होती. बांगडी हाडांवर आली तशी तिनं खाली पाहिलं. बांगडी मनगटात उतरली. राहीनं मान वर केली. तिनं कमळबाईकडं पाहिलंसुद्धा नाही.

"मावशी," ती म्हणाली, "तुला ठावं व्हतं."

इतक्या महिन्यांनी निघालेला आवाज, खरखरीत, पण अक्षर न् अक्षर स्पष्ट. राही बोलली होती, आणि सासूबाईंशीच बोलली होती.

राहीनं बांगडी फोडली नाही. मचवे दर्यात जायचे दिवस, बांगडी फोडून कसं चालेल? पंजा आवळून, कातडी सोलत तिनं ती उलटी ओढून काढली आणि उठून समुद्राकडं चालू लागली. कमळबाईला काय झालं ते कळलं नव्हतं, पण ती पोरगी पाण्याकडं निघाली एवढं तिला दिसलं. ती अनवाणी तिच्यामागं धावली. राहीनं गुडघाभर पाण्यात उभं राहून बांगडी आत फेकली, वळली आणि वाळूवर बसली. कमळबाई तिच्याजवळ बसली. मग राही बोलायला लागली. आम्हाला पडवीतून तिचे हात हलताना दिसत होते, वाऱ्यानं शब्द एकही येत नव्हता. संध्याकाळपर्यंत त्या दोघी तिथंच होत्या. सासूबाई साबणाच्या पाण्याचं भांडं पुढ्यात घेऊन बघत होत्या. "आत्याबाई, चला घरी," मी म्हटलं, तर म्हणाल्या, "काय सांगत असंल गं एवढं?"

दिवेलागणीला मनुबाई आमच्या दारात आली. आत आली नाही. "ती बाई परकी, तिला म्या काय बोलू? तिनं माज्या पायावर हात ठेवून माफी मागली. तुला बोलाया आले, कासारीण. उद्यापासून वाड्यात सुनंला धाड. तू येव नको."

"एवढी शिकलेली ती, तिनं विचारायला नको का आधी?" सासूबाई म्हणाल्या. मनुबाई आल्या वाटेनं परत फिरली.

राही माहेरी गेली नाही. पौर्णिमेला मोरूचा मचवा दर्यात गेला आणि मासळी घेऊन परत आला. कमळबाई राहीकडं रोज जात राहिली. काही दिवस राही पुन्हा गप्प व्हायची, काही दिवस बोलायची, आणि हळूहळू घरकामाला लागली. पुढं कमळबाईची बदली झाली, तेव्हा निम्मा कोळीवाडा एस्.टी.पर्यंत पोचवायला गेला होता.

कोळीवाड्यात मी जाऊ लागले. नारळवाड्यांत आणि मोहल्ल्यात सासूबाईच जायच्या, पण तिथंही गोष्ट पोचली होती. बायका हात पुढं करायच्या, भावाची घासाघीस करायच्या, पावसापाण्याचं बोलायच्या. त्यापुढं काही नाही. सासूबाई 'मग?' म्हणायच्या आणि बाई म्हणायची, 'मग काय, चाललंय.' माझ्याशी मात्र बायका बोलू लागल्या. मी घरी आले की सासूबाई माझा चेहरा वाचत बसायच्या. मला ते फार गोड लागायचं, खोटं कशाला बोलू?

दिवाळीच्या आधी एका दुपारी त्यांनी मला ओटीवर हाक मारली. "ये कोकिळे, तुला भरते." त्यांनी माझा पंजा हातात घेऊन दाबायला सुरुवात केली आणि बायका त्यांच्याशी का बोलायच्या ते मला तेव्हा कळलं. काय ऊब होती त्या हाताला! यजमान मुंबईला गोदीत, वर्षाकाठी एकदा घरी येणारे. माझा पहिला गर्भ पडला तेव्हा या घरात मला कुणी एक शब्द विचारला नव्हता. आता सांगावं, म्हणून मी श्वास घेतला.

"कोकिळे," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशी वाळूवर राही तिला काय बोलली गं? तुला सांगितलं असंल."

सांगितलं होतं. माझ्या हातात हात देऊन राहीनं मला सगळं सांगितलं होतं.

"नाही बाई," मी म्हटलं. "मला काही ठाऊक नाही."

त्यांनी बांगड्या भरल्या आणि माझा हात सोडला.