तिन्ही लेकींचे कळक

बांबूच्या बेटातला कळक तोडण्याआधी भिकूआबा त्याच्या अंगावरून हात फिरवीत. तीन पावसाळे पाहिलेला असेल तरच कोयता चाले. कोवळा लागला तर "ऱ्हा बाबा, वाढ अजून," म्हणून पुढे सरकत. रत्नागिरीत मी मास्तर म्हणून आलो तेव्हा ते माझे शेजारी होते. सुपे, रोवळ्या, आंब्याच्या करंड्या विणणारा हा माणूस माणसांशी कमी आणि आपल्या बेटाशी जास्त बोलायचा. माझ्या वर्गापेक्षा त्यांच्या बेटाचीच हजेरी चोख होती, हे कबूल करतो.

बेट त्यांच्या वडिलांनी पेरलेले. तिन्ही लेकींच्या लग्नात आबांनी सोने दिले नाही. त्या बेटाचा एकेक कोंब मुळासकट उपटून सासरी नेऊन लावला. जावईही बुरूडकामाचेच. "सोनं मोडून खातील, मास्तर. कळक तोडला तर दुसरा येतो," असे म्हणत.

एका नाताळात आबांचे बेट फुलले. कळक आयुष्यात एकदाच फुलतो, बी धरतो आणि अख्खे बेट वाळून जाते. आबा दोन दिवस जेवले नाहीत. मग आपणच उठले. "लेकींची बेटं कालची पोरं हायत. धाकटीकडला कोंब आणून लावू." मला घेऊन एस्टीने लांज्याला निघाले.

धाकटीच्या घरामागच्या परड्यातले बेटही फुललेले होते. थोरलीकडून आणि मधलीकडूनही तिच्याकडे तोच निरोप आला होता. कोंब नवा लावला म्हणून त्याचे वय नवे होत नाही; आईचे वय घेऊनच तो जमिनीत जातो. आबांना हे ठाऊक नव्हते, आणि विज्ञान शिकवणाऱ्या मलाही. "तिघींना येकच बेट दिलं गो मी. येगयेगळी तरी द्यायची होती," म्हणत आबा तिथेच मटकन बसले.

उन्हाळाभर ते झडलेले बी वेचत राहिले. अंथरूण धरले तेव्हा तिघी आल्या. आबांनी प्रत्येकीच्या पदरात बी घातले. "पावसात पेरा. धा वर्सांनी तोडायला येईल."

"आन् तवर खायचं काय, आबा?" धाकटीने विचारले.

आबांनी भिंतीकडे तोंड फिरवले. चार दिवसांनी ते गेले. इतका जाणता माणूस इतका हरलेला मी दुसरा पाहिला नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी लांज्याला गेलो. धाकटीने पेज पुढे ठेवली. ती तांदळाची नव्हती.

"आबांचंच बी, मास्तर. पोरं दोन दिस उपाशी होती."

मूठभर तरी पेरायला ठेवायचे होतेस, हे अगदी ओठांवर आले होते. समोर पोरे वाडगे चाटत होती. मनातल्या मनात आबांची माफी मागितली आणि माझी वाटी मी त्यांच्यापुढे सरकवली.