पुनरुत्थानातला ऱ्हस्व रु

शिवाजीनगरहून एसटी सुटली तेव्हा माझ्या खिशात एक कागद आणि एक लाल पेन्सिल होती. माझी बायको सुलभा चार वर्षांपूर्वी माहेरी पाचोडला गेली असताना वारली. तिथंच तिला माती दिली, आणि त्यानंतर मी त्या गावी फिरकलो नव्हतो. आता तिच्या कबरीवर दगड बसवायचा होता. छापखान्यात मी जन्मभर मुद्रितं तपासली, म्हणून दगडावरचा मजकूर तपासायचं काम माझ्याकडे आलं. मजकूर तीन ओळींचा: नाव, तारखा आणि खाली 'पुनरूत्थानाच्या आशेने विसावली'.

ही तिसरी ओळ उडवायची हे मी पुण्यातच ठरवलं होतं. मी जन्माने ख्रिस्ती, दर रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चला, जातो, गातोसुद्धा. पण ज्या मजकुराची खात्री नाही तो मी कधी छपाईला सोडला नाही, मग दगडावर कसा सोडणार?

वाळूजला शिफ्ट सुटली होती. कारखान्यांच्या बसमधून पेंगलेली माणसं घरी निघाली होती. माझ्या शेजारचे गृहस्थ दचकून जागे झाले आणि म्हणाले, "औरंगाबाद आलं का?"

"संभाजीनगर," कंडक्टरने दुरुस्ती केली. दुरुस्ती करणारा माणूस मला नेहमीच आपला वाटतो.

शहरातल्या गारखेड्यात माझी मेव्हणी राहते. रूथ, सुलभाची धाकटी बहीण, निवृत्त नर्स. तिने दारातच अट घातली. "दगडाचं रविवारी बघू, दाजी. त्याच्या आधी दोन दिवस सभेला यायचं."

सभेचा फलक तिच्या गल्लीच्या तोंडाशीच होता: 'कायमचे समाधन! फक्त दोन दिवसांत!' समाधानातला काना गळाला होता. कायमचं, आणि तेही दोन दिवसांत. कुकरच्या रबरालासुद्धा कुणी एवढी हमी देत नाही.

शुक्रवारी सभेला गेलो. पुढच्या रांगेत खुर्च्यांऐवजी सोफे होते, म्हणजे कायमच्या समाधानातही वर्ग होते. उपदेशक पांढऱ्या बुटांत आले. स्वतःला 'देवाचा नम्र दास' म्हणवत होते, आणि या दासाची बॅग एकाने, पाण्याची बाटली दुसऱ्याने आणि छत्री तिसऱ्याने धरली होती. "प्रभू उठला, म्हणून माझं जीवन भरून वाहतंय," ते म्हणाले. बाहेर लावलेली त्यांची गाडी पाहता शंका घ्यायला जागा नव्हती. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "ज्यांना आज समाधान मिळालं त्यांनी हात वर करा."

माझा हात आधीच वर होता. डोक्यावरचा पंखा बंद पडला होता, तो मी एका स्वयंसेवकाला दाखवत होतो. फ्लॅश चमकला. स्वयंसेवकाने धावत येऊन माझं नाव आणि पत्ता लिहून घेतला. मी म्हणालो, "पंखा लावा." तो म्हणाला, "हालेलुया." पंखा बंदच राहिला.

शनिवारी मी सभा चुकवली आणि जुन्या शहरात जाऊन नान-खलिया (मटणाचा पिवळा, झणझणीत रस्सा) खाल्ला. घरी आल्याबरोबर रूथला वास आला.

"उद्या ईस्टर हाय, दाजी. उपास सोडाया येक दिस दम निघत नव्हता?"

"निघाला असता. पण नान गरम होते."

रविवारी ती पहाटेच उठली. या दोघी बहिणींत तेवढा एक फरक. सुलभा आठ वाजेपर्यंत हलायची नाही. आमच्या शास्त्राप्रमाणे शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल आणि मेलेले उठतील. मी रोज चहा घेऊन तिच्या उशाशी उभा राहायचो आणि म्हणायचो, "तुला उठवायला तो शेवटला कर्णाच वाजवायला लागणार."

ईस्टरला आमच्यात एक जण म्हणतो, 'प्रभू उठला आहे.' समोरच्याने म्हणायचं, 'खरोखर उठला आहे.' रूथ सकाळपासून हेच करत होती. मंडळीत केलं, जिन्यात केलं, फोनवर केलं. चार वर्षं मला कुणी असं म्हटलं की मला खोकला येतो. त्याही दिवशी आला.

जेवून पाचोडची बस धरली. आडूळच्या अलीकडे टायर बसला. दुसरी गाडी मिळून पोचलो तोवर ऊन कललं होतं आणि आठवडी बाजाराची आवराआवर चालू होती. रूथला फुलं हवी होती. घोंगड्यांच्या घड्या घालत बसलेल्या एका धनगर म्हाताऱ्याला तिने फुलवाली कुठं बसते ते विचारलं.

"उठला की आता, बाई," म्हातारा मान वर न करता म्हणाला.

"खरोखर उठला आहे," रूथ सवयीने बोलून गेली.

म्हाताऱ्याने आता वर पाहिलं. "मंग मी काय लबाड बोलतो व्हय? बाजार उठला म्हन्लं."

मला हसू आवरेना. पाचोडात आपण हसू असं मला वाटलं नव्हतं.

दफनभूमी गावाबाहेर बाभळींत आहे. सकाळची उपासना कधीच आटोपली होती. कबरींना चुना लावला होता, मेणबत्त्यांची थोटकं उरली होती. सुलभाची मावशी, शांताबाई, खराटा घेऊन आमची वाट पाहत होती. तिनेच सुलभाला लहानाची मोठी केली.

"प्रभू उठला हाय, जावईबापू."

या खेपेला खोकला आला नाही. मी खिशातून कागद काढला. "प्रभूचं राहू द्या, मावशी. ही उठणार का ते सांगा. नाहीतर ही ओळ मी काढतोय."

मावशीला वाचता येत नाही. तिने कागदाकडे पाहिलंच नाही. खराट्यावर हात ठेवून म्हणाली, "तुमीच म्हनत व्हते ना, हिला उठवाया शेवटला कर्णाच वाजवाया लागंल म्हनून? सांगून सांगून हसायची इथं."

"म्हणायचो."

"मंग वाजू द्या की. त्याच्या आधी ती कशी उठंल? कवा उठली व्हती का हाक मारल्याबिगर?"

मला रडू आलं. रूथने तोंड फिरवलं. मावशी पुन्हा झाडायला लागली, माझ्या पायाभोवतीचा पाला तिने नीट काढला.

मी कबरीच्या कडेला बसलो, कागद गुडघ्यावर ठेवला आणि 'पुनरूत्थाना'तला रू ऱ्हस्व केला. बाकी ओळ तशीच ठेवली. मावशीच्या 'प्रभू उठला हाय'ला उत्तर द्यायचं राहिलं होतं, तेही दिलं. तिला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

पुण्याला परतल्यावर काही दिवसांनी टपालाने सभेचं पत्रक आलं. त्यात माझा फोटो आहे. हात वर, चेहरा पंख्यावर वैतागलेला. खाली छापलंय: 'गारखेडा येथे कायमचे समाधान लाभलेले एक बंधू'. या वेळी समाधानाला काना आहे.

आधी वाटलं, खरमरीत खुलासा पाठवावा. लाल पेन्सिल घेऊन बसलो. 'कायमचे'वर ती बराच वेळ थांबली, पण तो शब्द खोडवला नाही. मग 'गारखेडा' खोडलं आणि समासात लिहिलं: पाचोड.