गोव्याला नेलेली ओटी

माझा देवाशी संबंध तसा नमस्कारापुरताच. आंघोळ झाली की देव्हाऱ्यापुढे हात जोडायचे आणि चहाला बसायचं, यापलीकडे आम्ही एकमेकांना फारसा त्रास दिलेला नाही. भक्ती हे खातं सुमनचं, म्हणजे माझ्या पत्नीचं. त्यामुळे डॉक्टरांनी जेव्हा तिच्या विसरण्याला डिमेन्शिया हे नाव दिलं आणि हे आता वाढतच जाणार असं सांगितलं, तेव्हा मला पहिला राग आला तो देवाचाच. जिने जन्मभर आठवणीने त्याचं सगळं केलं तिचीच आठवण काढून घ्यायची, हा कुठला न्याय, असं मी हडपसरच्या आमच्या गॅलरीत उभा राहून मोठ्याने विचारलंही होतं. 

आमची कुलदेवी गोव्यात, फोंड्याच्या पलीकडे एका लहानशा गावात आहे. घरातल्या मुलीचं लग्न झालं की देवीची ओटी भरायची, ही आमच्याकडची रीत. आमच्या मुलीचं लग्न होऊन बराच काळ लोटला होता. आधी टाळेबंदी आली, मग माझं ऑपरेशन आलं, आणि मग सुमनचं हे दुखणं. बाकी पुष्कळ काही तिच्या डोक्यातून निसटून गेलं, पण ओटी राहिली आहे एवढं मात्र निसटेना. जेवताना मध्येच हात थांबवून ती म्हणायची, “अहो, आईची ओटी भरायची राहिली आहे.” आई म्हणजे देवी. देवी कोण आणि ओटी म्हणजे काय हे तिला कळतंय तोवर तिच्या हातून ती भरली जावी, एवढीच माझी धडपड होती. डॉक्टर म्हणाले होते, न्यायचं तर लवकर न्या.

अडचण अशी होती की मला गाडी चालवायला बंदी झाली होती. काचबिंदूने बाजूचं दिसणं गेलंय. समोरचा ट्रक दिसतो, शेजारून घुसणारी दुचाकी दिसत नाही, आणि हडपसरला राहणाऱ्या माणसाला त्याच्या उलट चाललं असतं. मुलगी म्हणाली, “बाबा, एवढंसं तर स्टेट आहे. तिथे पोचलात की कॅब करा ना, कशाला टेन्शन घेता?” पण अनोळखी माणसाच्या गाडीत सुमन घाबरते, दार उघडायला जाते. बसमध्ये चार बायका दिसल्या की ती शांत असते. म्हणून मी ठरवलं, पुण्याहून मडगावपर्यंत रेल्वे, तिथून फोंड्याला बस, फोंड्याहून देवळापर्यंत दुसरी बस, रात्री देवळाच्याच अग्रशाळेत खोली आणि दुसऱ्या दिवशी परत. मार्केट यार्डात ट्रान्सपोर्टच्या कचेरीत माझी नोकरी झाली. कुठला ट्रक कुठे कधी पोचेल हे ठरवण्यात हयात गेली, तेव्हा दोन म्हाताऱ्या माणसांना एवढ्याशा राज्यात इकडून तिकडे पोचवणं ते काय अवघड, असं मला वाटलं. दुपारी गाभाऱ्याचं दार बंद होतं हेही मी विचारून ठेवलं होतं. त्याच्या आत आम्ही पोचणार होतो. अहो, ज्या शहरात दुपारी दुकानदार गिऱ्हाइकाला दार उघडत नाही तिथे उभं आयुष्य काढलंय मी, देवीच्या झोपेची वेळ पाळायला मला कोण शिकवणार?

फोंड्यापर्यंत सगळं माझ्या आखणीबरहुकूम झालं. सुमनच्या मांडीवर ओटीची पिशवी होती. हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, सगळं तिने स्वतः बांधलं होतं; मुलीने फक्त शेजारी बसून पाहिलं. दुसऱ्या बसमध्ये मला जरा डुलकी लागली. जाग आली तेव्हा शेजारची जागा रिकामी होती, बस उभी होती आणि सुमन खाली रस्त्यावर उतरून मला हात करत होती. “अहो, उतरा ना, हडपसर आलं!” मी कसाबसा उतरलो आणि बस निघून गेली. एका बाजूला पोफळीची बाग, दुसऱ्या बाजूला बंद दुकान, आणि दुपारच्या उन्हात आम्ही दोघं. त्या वेळी मी तिच्यावर ओरडलो.  आपलं काय चुकलं हे तिला कळलं नव्हतं आणि आता सांगूनही कळणार नव्हतं.

बसथांब्याच्या सावलीत एक बाई फुलांची टोपली घेऊन बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं, सुमनला बाकावर जागा करून दिली. त्याही देवळाकडेच निघाल्या होत्या. पायऱ्यांपाशी अबोलीचे गजरे विकायला बसायच्या. “दुसरी बस येते, मी आहे ना,” म्हणाल्या. त्यांच्या टोपलीत एवढे गजरे, पण केसांत एकही नव्हता, आणि कपाळ मोकळं होतं. मालक वारले आहेत, मुलगा दुबईला असतो, असं मी विचारल्यावर त्यांनी सांगितलं. बस आली तेव्हा सुमनचा हात धरून त्यांनीच तिला चढवलं आणि उतरवलंही त्यांनीच. मी मागून पिशव्या घेऊन चालत होतो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सुमनचा हात दुसऱ्या कुणाच्या हातात होता आणि मला हलकं वाटत होतं, हे मला तेव्हाच कबूल करायला हवं होतं.

आम्ही पोचलो तोवर गाभाऱ्याचं दार बंद झालेलं होतं. सभामंडपात एक कुत्रं पसरलेलं, बाकी सामसूम. बाई पायऱ्यांवर आपल्या जागी बसल्या आणि सुमन त्यांच्या शेजारी. मी अग्रशाळेत किल्ली आणायला जाऊन आलो. येऊन पाहतो तर सुमनने पिशवीतली सगळी ओटी काढून मांडीवर घेतली होती आणि हळदी-कुंकवाची डबी उघडून ती त्या बाईंसमोर बसली होती. तिचा चेहरा आजारापूर्वी सणावाराला असायचा तसा होता, अगदी तंतोतंत. “आई, उशीर झाला गं,” ती म्हणत होती, “पण आले बघ.”

मी धावलो. “सुमन, अगं थांब! ही देवीची ओटी आहे. त्यांना नको.” आणि मग, हळू आवाजात बोलतोय अशा समजुतीने, “त्यांना चालत नाही.”

बाईंनी ते ऐकलं. त्यांनी आपला पदर आवरून घेतला. “साहेब बरोबर सांगतात, बाये,” त्या सुमनला म्हणाल्या. “म्हाका नाका. देवीला दे.”

“तुम्ही मध्ये बोलू नका हो,” सुमन मला म्हणाली. कित्येक महिन्यांत तिने मला असं दटावलं नव्हतं. मग त्यांच्याकडे वळून अगदी मऊ आवाजात म्हणाली, “पदर पसर, आई.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी नुसतं ‘घ्या’ म्हणायला हवं होतं. एवढ्या एका शब्दाचं काम होतं. मी दीपस्तंभाकडे बघत राहिलो. शेवटी त्यांनी आपल्या आपणच पदर पसरला. सुमनने त्यांना हळद लावली, कुंकू लावलं, खण-नारळ पदरात घातला, तांदळाच्या ओंजळी घातल्या, त्यांच्याच टोपलीतला गजरा उचलून त्यांच्या केसांत माळला आणि पायरीवर डोकं टेकून नमस्कार केला. एकही गोष्ट चुकली नाही, क्रमही नाही. बाई डोळे मिटून बसल्या होत्या. “मालक गेल्यापासून पहिल्यांदा,” एवढंच त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसले. कुंकू नाही पुसलं.

दार उघडल्यावर मी घाईने दुसरी ओटी विकत घेतली आणि सुमनला आत चलायचा आग्रह केला. ती उठेना. “भरली की ओटी. आता कशाला?” म्हणाली. मी एकटाच आत गेलो. देवीपुढे उभा राहिलो तेव्हा समया लागलेल्या होत्या, पुजारी काही विचारत होते, आणि मला एवढंच जाणवत होतं की जी भेट घ्यायला आम्ही आलो ती बाहेर पायरीवर होऊन गेली आणि मी ती थांबवायला निघालो होतो. मी काही सिद्ध करायला हे लिहीत नाही. त्या बाई गजरे विकणाऱ्याच होत्या, संध्याकाळी गिऱ्हाइकांची गर्दी झाली तेव्हा कपाळावर कुंकू घेऊन त्या गजरे देत होत्या आणि गावच्या दोन-चार बायका त्यांच्याकडे वळून वळून पाहत होत्या. गर्दी ओसरली की जाऊन त्यांची माफी मागू असं मी ठरवलं. पण सुमनला झोप आली, तिला खोलीवर नेलं, आणि सकाळी आमची बस निघेपर्यंत त्या आल्या नव्हत्या. त्यांचं नावसुद्धा मी विचारलं नाही.

सुमनला आता गोवा आठवत नाही. मी आखलेल्या वेळेला आम्ही पोचलो असतो तर रांगेत उभं राहून, पुजाऱ्याच्या हातात ताट देऊन परतलो असतो. तिच्या हाताने काहीच झालं नसतं. जे झालं ते माझ्या ठरवण्याच्या बाहेर गेलं म्हणून झालं, हे मला परतीच्या गाडीत कळलं, आणि तेव्हापासून मी देवापुढे हात जोडतो ते जरा जास्त वेळ जोडतो. कृतज्ञता वाटते, फार वाटते. पण तिच्याबरोबर खंतही येते. ज्या दोघी त्या पायरीवर खऱ्या अर्थाने होत्या, त्यांतल्या एकीला ते आठवत नाही आणि दुसरी कुठे असते मला माहीत नाही. सांगायला उरलोय तो मी, जो दुसरीकडे बघत होतो.

सुमन अजूनही जेवताना हात थांबवते. “ओटी राहिली आहे,” म्हणते. पूर्वी मी चिडून सांगायचो की भरून आलो आपण. आता मी तिला सगळं पहिल्यापासून सांगतो, ती दर वेळी नव्याने ऐकते. पायरीवरच्या बाईंपाशी आलो की तिचे डोळे मोठे होतात. “मग? तुम्ही पाया पडलात ना त्यांच्या?”

“नाही गं,” मी खरं तेच सांगतो. “राहिलं.”

 ती माझ्या हातावर आपला हात ठेवते, खरकटाच, आणि म्हणते, “असू दे. ती रागावत नाही.”