खिडकीतली वांग्याची रोपं

आईने चहाच्या रिकाम्या कपांत माती भरून वांग्याचं बी टाकलं आणि ते कप खिडकीत ठेवले होते. आठवड्याने कोंब आले आणि चार दिवसांत रोपं बोटभर उंच झाली. मी खूश झालो.

"काय भराभर वाढतायत बघ!"

"वाढत नाहीत रे, उजेड शोधतायत," आई म्हणाली. "बुडाशी बघ, दोऱ्यासारखी झालीत. मान टाकणार."

झोपडी पाडून आम्हाला या इमारतीत आणलं, तेव्हा आईने मागच्या अंगणातल्या वांग्यांचं बी तेवढं पुडीत बांधून आणलं. इथे खिडकीतून हात काढला की शेजारच्या इमारतीची भिंत लागते. ज्यांनी नकाशावर या इमारती अशा चिकटवल्या, त्यांच्या घरात ऊन येतच असणार. चाव्या देताना ते म्हणाले होते, तुम्ही आता वर आलात. नुसती उंची बघून टाळ्या वाजवायच्या, मुळाशी काय चाललंय ते बघायचं नाही. रोपांपुढे मीही तेच केलं, याची लाज वाटते.

आईने गच्चीची चावी मागितली होती. सोसायटीचे चेअरमन कालपर्यंत आमच्याच गल्लीत राहायचे. ते म्हणाले, "मावशी, इथे परत झोपडपट्टी करायची नाही."

आज सकाळी सगळी रोपं आडवी पडली होती. पुडीत चार बिया उरल्यात.

"पेर की त्या," मी म्हणालो.

आईने पुडी पुन्हा घट्ट बांधली. "आधी चावी आण."